अठ्ठेचाळीस वर्षांचे ऋण

केस पिकले, गुडघे कुरकुरू लागले की माणसाने एका जागी बसावे, असे आपण धरूनच चालतो. नर्तकाच्या बाबतीत हा निकाल आणखी लवकर लागतो. चाळिशी उलटली की त्याने शिकवावे आणि रंगमंच पोरांना मोकळा करून द्यावा, अशीच अपेक्षा असते. या समजुतीला जपानमधल्या एका वृद्ध शिक्षकाने दिलेले उत्तर आम्हाला नृत्याच्या इतिहासातली मोठी घटना वाटते.

१ नोव्हेंबर १९७७ रोजी टोकियोच्या दाई-इची सेइमेई सभागृहात काझुओ ओनो एकटेच नाचले. त्यांचे वय होते ७१. नृत्य होते एका दिवंगत स्पॅनिश नर्तकीच्या स्तुतीचे. आन्तोनिया मेर्से हे तिचे नाव. १८९० साली ब्यूनस आयर्समध्ये जन्मली म्हणून जग तिला 'ला आर्हेन्तिना' म्हणे. बोटांत वाजवायच्या लाकडी कॅस्टानेटवर तिची विलक्षण हुकमत होती. १९२९ मध्ये ती टोकियोच्या इम्पिरियल थिएटरात नाचली, तेव्हा वरच्या गॅलरीत बावीस वर्षांचा एक विद्यार्थी बसला होता. होक्काइदो बेटावरच्या हाकोदाते या बंदराच्या गावचा हा मुलगा व्यायामशिक्षक होण्यासाठी शिकत होता. त्या संध्याकाळी जे दिसले ते त्याच्या मनातून कधी गेले नाही.

पुढे योकोहामाच्या ख्रिस्ती शाळेत नोकरी, ख्रिस्ती धर्माचा स्वीकार आणि आधुनिक नृत्याचे धडे असा त्यांचा क्रम लागला. मेर्से १९३६ मध्ये वारली. १९३८ मध्ये ओनोंना सैन्यात भरती व्हावे लागले. चीन आणि न्यू गिनीच्या आघाड्या त्यांनी पाहिल्या. न्यू गिनीत जपानी सैनिक गोळीपेक्षा भुकेने आणि तापाने अधिक मेले. पराभवानंतर कैद भोगून ते मायदेशी निघाले, तर वाटेत बोटीवर दम सोडणाऱ्यांना समुद्रातच सोडून द्यावे लागले. पुढे त्यांनी जेलीफिशचे एक नृत्य केले, त्यामागे ही आठवण होती. स्वतःचा पहिला जाहीर प्रयोग त्यांना करता आला तो १९४९ मध्ये, वयाच्या त्रेचाळिशीच्या आसपास. इतर नर्तक जिथे थांबतात तिथे त्यांची सुरुवात झाली.

१९५९ च्या सुमारास तात्सुमी हिजिकाता या तरुण नर्तकाने 'बुतो' नावाची नवी वाट पाडली. सुबक, सशक्त, उंच उडी घेणारे शरीर या वाटेला नको होते. वाकलेले, थकलेले, मातीकडे झुकणारे शरीरही नाचू शकते, असे ती सांगत होती. ओनो या वाटेवर हिजिकाताचे सोबती झाले. मात्र साठीनंतर काही वर्षे ते एकल प्रयोगापासून दूर राहिले. मग एका प्रदर्शनात नात्सुयुकी नाकानिशी यांचे अमूर्त चित्र पाहताना, त्यातल्या वक्ररेषांत त्यांना एकाएकी ला आर्हेन्तिना दिसली. अठ्ठेचाळीस वर्षांचे ऋण डोळ्यांसमोर उभे राहिले.

वीसेक वर्षांनी लहान असलेल्या हिजिकातानेच या प्रयोगाचे दिग्दर्शन केले. आरंभी प्रेक्षकांमधूनच जीर्ण झग्यातली, चेहरा रंगवलेली एक वृद्ध आकृती उठते आणि हळूहळू रंगमंचाकडे जाते. ती मरते आणि कोवळी मुलगी होऊन पुन्हा जन्म घेते. पुढच्या एका भागात ओनो झगा उतरवून काळ्या चड्डीवर, उघड्या अंगाने उभे राहतात. सैल कातडी, बरगड्या, काहीही झाकलेले नाही. शेवटी पुन्हा स्त्रीवेश येतो आणि टँगोच्या सुरांवर ला आर्हेन्तिनाची आठवण नाचते.

आपल्या मराठी रंगभूमीला स्त्रीवेश नवा नाही. बालगंधर्व उतारवयात स्त्रीवेशात उभे राहत, तेव्हा प्रेक्षक त्यांच्यात जुने दिवस शोधत. समोरचे वय विसरावे लागे. ओनोंनी ते विसरू दिले नाही. मेर्सेची नक्कल करण्याचा त्यांनी प्रयत्नही केला नाही. तिचे पदन्यास त्यांना येत नव्हते आणि एकाहत्तराव्या वर्षी ते येणारही नव्हते. त्यांनी आणले ते स्वतःचेच हात, स्वतःची मान आणि त्या गॅलरीतल्या रात्रीनंतर अंगावरून गेलेली युद्ध, भूक, कैद, संसार. बावीस वर्षांच्या मुलाला हे ऋण फेडता आले नसते, कारण त्याच्याकडे द्यायला अजून काही जमलेच नव्हते.

१९८० मध्ये फ्रान्सच्या नान्सी महोत्सवात हे नृत्य झाले आणि युरोपने ओनोंना ओळखले. पुढची वीसेक वर्षे ते जगभर नाचले. पाय थकले तेव्हा खुर्चीत बसून केवळ हातांनी नाचले. १ जून २०१० रोजी, वयाच्या १०३ व्या वर्षी ते वारले.

वाचकहो, हे सारे वाचताना आम्हाला आपलीच घरे आठवली. मालेगाव-भिवंडीत मागावर हयात घालवलेले वडीलधारे आता दारात बसून असतात. त्यांची बोटे रिकामी असली तरी मधूनच तुटलेले सूत जोडल्यासारखी हलतात. आपण त्याला म्हातारपणाची सवय म्हणून सोडून देतो. त्या बोटांना काय आठवते, हे आम्ही अजून त्यांना विचारलेले नाही.