बचावपटूला एमव्हीपी मिळू शकतो का? ॲलन पेजची केस

आधी एक कबुली. हा ब्लॉग विज्ञानाचा आहे, आणि आज विषय आहे अमेरिकन फुटबॉलचा. पण गेले काही दिवस मोजमापातल्या त्रुटींवर वाचताना मला या खेळाच्या इतिहासात एक उदाहरण सापडलं. ते पाठ्यपुस्तकातल्या उदाहरणांपेक्षा बरं वाटलं, म्हणून इथे लिहितोय.

खेळ माहीत नसेल तर दोन ओळींत सांगतो. मैदानावर एका वेळी अकरा विरुद्ध अकरा. चेंडू असलेल्या संघाला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं असतं, आणि जवळपास प्रत्येक प्रयत्नाची सुरुवात क्वार्टरबॅकच्या हातून होते. समोरच्या बचावफळीने त्याला थांबवायचं. त्याने चेंडू फेकण्याआधीच त्याला मागच्या मागे पाडलं तर त्याला ‘सॅक’ म्हणतात.

एनएफएल या लीगमध्ये दर मोसमाच्या शेवटी असोसिएटेड प्रेस ‘मोस्ट व्हॅल्युएबल प्लेअर’ म्हणजे एमव्हीपी जाहीर करते. मत पत्रकार आणि समालोचक देतात. या पुरस्काराच्या इतिहासात बचावपटू जिंकला फक्त दोनदा: १९७१ मध्ये ॲलन पेज आणि १९८६ मध्ये लॉरेन्स टेलर. मध्ये १९८२ मध्ये तर मार्क मोझली जिंकला, जो किकर होता! म्हणजे मैदानात येऊन चेंडूला लाथ मारून परत बाकावर बसणारा. (संपामुळे तो मोसम फक्त नऊ सामन्यांचा होता, आणि त्याने २१ पैकी २० किक यशस्वी केल्या होत्या. तरीही.) २०१३ ते २०२४ या सगळ्या मोसमांत पुरस्कार क्वार्टरबॅकलाच गेला.

मग पेज कसा जिंकला? तो मिनेसोटा व्हायकिंग्जचा डिफेन्सिव्ह टॅकल, म्हणजे फळीच्या मधोमध उभा राहणारा. त्या जागेवर साधारण धिप्पाड, जागा अडवून धरणारी माणसं असत. पेजचा भर वेगावर होता. समोरचा खेळाडू हलायच्या आत हा पलीकडे पोहोचलेला असे. त्या मोसमात व्हायकिंग्जने १४ पैकी ११ सामने जिंकले आणि पूर्ण मोसमात फक्त १३९ गुण दिले. सामन्याला दहासुद्धा नाहीत. आणि आता गंमत बघा: त्याच संघाने त्या मोसमात तीन वेगवेगळे क्वार्टरबॅक वापरले. संघ जिंकतोय, पण श्रेय द्यायला ठरलेला चेहराच नाही. मत देणाऱ्यांना बचावफळीकडे बघावंच लागलं.

टेलरचंही थोडंफार तसंच. १९८६ च्या न्यूयॉर्क जायंट्सने १६ पैकी १४ सामने जिंकले. त्यांचा क्वार्टरबॅक फिल सिम्स चांगला होता, पण त्याच्या खात्यात २१ टचडाउन आणि २२ इंटरसेप्शन होती. टेलरचे सॅक होते २०.५. (अर्धा सॅक म्हणजे दोघांनी मिळून पाडला तर वाटून.)

इथे मला सर्वांत रंजक वाटते ती नोंदीची गोष्ट. कोणत्या खेळाडूने किती सॅक केले हे लीगने अधिकृतपणे मोजायला सुरुवात केली १९८२ मध्ये. टेलर खेळायला लागला १९८१ मध्ये. त्यामुळे त्याच्या अधिकृत आकड्यात, १३२.५ मध्ये, पहिल्या वर्षाचे ९.५ सॅक नाहीतच. आणि पेज? तो १९८१ च्या मोसमानंतर निवृत्त झाला, म्हणून त्याचे अधिकृत सॅक शून्य. पुढे काही हौशी संशोधकांनी जुन्या सामन्यांचे तपशील आणि चित्रफिती चाळून १९६० पर्यंत मागे जात मोजणी केली. २०२१ मध्ये ती प्रो फुटबॉल रेफरन्स या संकेतस्थळावर आली. त्यात पेजच्या नावावर १४८.५ सॅक आहेत. प्रयोगशाळेत आम्हाला पहिल्या वर्षी बजावलं जातं की ‘आढळलं नाही’ आणि ‘नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तो फरक इतका ढळढळीत मी क्वचित पाहिला आहे.

यावरून माझा पहिला तर्क असा होता: बचावपटू जिंकत नाहीत, कारण त्यांचं काम मोजलं जात नाही. तर्क छान वाटतो, पण टिकत नाही. आकडे नसताना पेज जिंकला. आकडे असताना जे. जे. वॉट हरला. २०१४ मध्ये ह्यूस्टनच्या या वॉटने २०.५ सॅक केले, वर पाच टचडाउन केले, त्यातले तीन तर आक्रमणात जाऊन. मतं मिळाली ५० पैकी १३. ॲरन रॉजर्सला ३१. वॉटचा संघ ९ जिंकून ७ हरला आणि बाद फेरीत गेलाच नाही, हे त्याला नडलं असं म्हणता येईल. २०२१ मध्ये त्याच्या धाकट्या भावाने, टी. जे. वॉटने, २२.५ सॅक करून तेव्हाच्या विक्रमाची बरोबरी केली. एमव्हीपी पुन्हा रॉजर्स.

दुसरा तर्क: मतदानाची पद्धत. तेव्हा प्रत्येकाने एकच नाव द्यायचं असे. पन्नासच्या पन्नास जणांना एखादा खेळाडू दुसऱ्या क्रमांकाचा वाटला, तर त्याला मतं शून्य! २०२२ च्या मोसमापासून पद्धत बदलली. आता पाच नावं क्रमाने द्यायची, आणि त्यांना १०, ५, ३, २, १ असे गुण.

आणि नेमकं त्याच मोसमात निसर्गाने जणू प्रयोगच मांडून दिला. सॅन फ्रान्सिस्कोने १७ पैकी १३ सामने जिंकले, लीगमध्ये सर्वांत कमी गुण दिले, दुखापतींमुळे तीन क्वार्टरबॅक वापरले. त्यांच्या निक बोसाचे सॅक १८.५, लीगमध्ये सर्वाधिक. म्हणजे १९७१ ची परिस्थिती जवळपास तशीच्या तशी, वर आकडे उपलब्ध, वर नवी मतदान पद्धत. पहिल्या पाचांत आले चार क्वार्टरबॅक आणि एक रिसीव्हर. बोसा नाही.

म्हणजे १९७१ नंतर दुसरंच काहीतरी बदललंय. माझ्या मते सर्वांत मोठं कारण १९७८ चे नियम. त्याआधी बचावपटू चेंडू झेलणाऱ्याला वाटेत कुठेही धक्के देऊ शकत. १९७८ पासून सुरुवातीच्या पाच यार्डांपलीकडे ते बंद झालं, आणि क्वार्टरबॅकचं रक्षण करणाऱ्यांना हात पसरून समोरच्याला थोपवायची मुभा मिळाली. लीगला जास्त गुणांचा खेळ हवा होता, तो मिळाला. खेळ फेकीचा झाला, आणि फेकणारा एकच असतो. तेव्हा मत देणारे निव्वळ पक्षपाती आहेत असं म्हणणं अन्यायाचं होईल. क्वार्टरबॅकची किंमत खरोखरच वाढली आहे.

दुसरं कारण छोटं, पण मला ते जास्त टोचतं. एपीचा ‘सर्वोत्तम बचावपटू’ हा वेगळा पुरस्कार सुरू झाला १९७१ मध्येच, आणि पहिला मिळाला पेजलाच. पेजला दोन्ही मिळाले. नंतरच्यांना बहुधा हा एकच. बोसाला २०२२ मध्ये तोच मिळाला. कबड्डीत चढाईपटूला गाडी आणि पकड करणाऱ्याला ट्रॉफी, तसलाच प्रकार.

आणि मोजमापाचा प्रश्न सॅकपाशी संपत नाही. डॅरेल रेव्हिस २००९ मध्ये समोरच्या सर्वोत्तम रिसीव्हरला असा चिकटून असायचा की क्वार्टरबॅक त्या बाजूला फेकणंच टाळत. न फेकलेल्या चेंडूची नोंद कुठल्या रकान्यात करणार? आता खेळाडूंच्या खांद्याच्या पॅडमध्ये चिप असते, आणि बचावपटूने अडीच सेकंदांच्या आत समोरच्याला चकवलं का हेही मोजता येतं, सॅक होवो न होवो. पुढचा पेज कोणाला दिसलाच तर तो बहुधा या आकड्यांमधून दिसेल, आणि तेही क्वार्टरबॅकांना एखादं वर्ष वाईट गेलं तरच.

पेजचं काय झालं, हे राहिलंच. खेळत असतानाच त्याने कायद्याची पदवी घेतली, १९७८ मध्ये. १९९३ पासून २०१५ पर्यंत ते मिनेसोटाच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती होते. ज्या ओहायोतल्या कँटन गावी त्यांचा जन्म झाला तिथेच फुटबॉलचं हॉल ऑफ फेम आहे. शाळकरी वयात त्या इमारतीच्या बांधकामावर त्यांनी काम केलं होतं. १९८८ मध्ये त्यांचा पुतळा आत गेला.