रिओखाचे पिंप आणि थांबण्याची ऐपत

ज्याची उभी हयात कामगारवस्त्यांत दारूच्या गुत्त्यांविरुद्ध बोलण्यात गेली, त्याने या व्यासपीठावरून मद्याचा इतिहास सांगावा याचे काहींना हसू येईल. मी स्वतः पीत नाही. परंतु स्पेनमधील रिओखाच्या तांबड्या द्राक्षमद्याची हकिकत वाचताना माझे लक्ष पेल्याकडे नव्हते, पिंपाकडे होते. ते पिंप कोणाच्या पैशाने आले, आणि ते भरून ठेवून दोन-तीन वर्षे थांबणे कोणाला परवडले, एवढाच माझा प्रश्न आहे.

उत्तर स्पेनात एब्रो नदीच्या काठाने हा मुलूख पसरला आहे. तेथील मुख्य द्राक्ष तेंप्रानियो. स्पॅनिशमध्ये 'तेंप्रानो' म्हणजे लवकर. आपल्याकडे हळवे भात असते, तसे हे हळवे द्राक्ष! कातालोनियात त्यालाच 'सशाचा डोळा' म्हणतात. जुन्या काळी त्याचे मद्य वर्षाच्या आत विकून टाकावे लागे. कातडी बुधल्यांत भरून ते खेचरांवरून डोंगरापलीकडे जाई. फार दिवस टिकत नसे.

अठराव्या शतकाच्या अखेरीस लाबास्तिदा गावच्या मानुएल किंतानो या धर्मगुरूने फ्रान्समधील बोर्दोची रीत उचलली. मद्य ओकच्या पिंपात मुरवायचे, अधूनमधून गाळ खाली ठेवून दुसऱ्या पिंपात काढायचे. ते मद्य समुद्र ओलांडून क्यूबापर्यंत धड पोहोचले. पण गावच्या इतर बागायतदारांनी तक्रार केली, आणि सर्व मद्य एकाच भावाने विकले जावे असे ठरले. पिंपाचा खर्च, सुताराची मजुरी, थांबण्याची वर्षे यांचे मोल शून्य झाले व तो उद्योग बसला. समान दराचा आग्रह मी जन्मभर धरला आहे. तरी हा निर्णय मला चुकीचा वाटतो. श्रम समान असतील तर दर समान. येथे श्रम कोठे समान होते?

पुढे १८५२ च्या सुमारास लोग्रोन्यो येथे लुसियानो मुरिएता यांनी हीच रीत पुन्हा सुरू केली. १८६२ मध्ये आलावा प्रांताच्या सरकारने बोर्दोचे जाणकार झाँ पिनो यांना शेतकऱ्यांना शिकवण्यासाठी आणले. शिकवणी झाली; परंतु खर्च पेलेना म्हणून बहुतेकांनी ती सोडून दिली. मग पिनो यांना रिस्कालच्या सरदारांनी आपल्या पदरी ठेवून घेतले. विद्या सर्वांसाठी आली होती, राहिली मात्र ज्याच्याजवळ भांडवल होते त्याच्याकडे. संपात मजुराची चूल किती दिवस थांबू शकते हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे अधिक समजावून सांगायला नको.

पिंपाचे कामही पाहण्यासारखे. ओकच्या फळ्या उन्हापावसात वाळवायच्या, आत जाळ करून व पाणी मारून वाकवायच्या, मग लोखंडी पट्ट्या ठोकून बसवायच्या. खिळा नाही, सरस नाही. असे पिंप २२५ लिटरचे. लाकडाच्या छिद्रांतून हवा अगदी थोडी आत जाते, त्यामुळे मद्याचा तुरटपणा मवाळ होतो. अमेरिकन ओकचा व्हॅनिलासारखा वास त्यात उतरतो. आजच्या नियमाप्रमाणे तांबडी 'क्रियान्सा' किमान दोन वर्षे मुरते, त्यांतले एक वर्ष पिंपात. 'ग्रान रेसेर्वा' पाच वर्षे, त्यांतली किमान दोन पिंपात. बाटलीवर सरदारांची नावे आहेत. पिंपे घडवणाऱ्यांची मला कोठे आढळली नाहीत.

रिओखाचे भाग्य उघडले ते शेजाऱ्याच्या संकटाने. १८६० नंतर फिलॉक्सेरा या मुळे खाणाऱ्या किडीने फ्रान्सच्या बागा सुकवल्या, आणि बोर्दोचे व्यापारी मद्य शोधत एब्रोकाठी उतरले. आरो गावाला रेल्वे होतीच. स्टेशनाभोवती वखारी उठल्या, १८९० मध्ये गावात विजेचे दिवे लागले. मग फ्रान्सशी झालेला १८८२ चा व्यापारी करार १८९२ मध्ये संपला, आणि शतक संपता संपता कीड रिओखातही शिरली. उपाय ठाऊक होता: अमेरिकन वेलीच्या मुळावर आपली कलमे बांधायची. पण त्यासाठी जुनी बाग उपटून नवी लावावी लागे, आणि फळ येईपर्यंत पुन्हा काही वर्षे थांबावे लागे. वखारवाले थांबले. लहान शेतकऱ्यांतले कितीतरी गाव सोडून गेले.

आज आपल्या नाशिककडेही तेंप्रानियो लावतात, आणि तेथील पुष्कळशा द्राक्षबागाही 'डॉगरिज' या अमेरिकन मुळावरच उभ्या आहेत.