साष्टीतील पुराणकार

इ. स. १५७९ च्या ऑक्टोबर महिन्यात थॉमस स्टीफन्स नावाचा एक इंग्रज जेझुइट गोव्यास उतरला आणि १६१९ साली तेथेच वारला. परमुलखात नेमणुकीवर राहणाऱ्या आपणां सर्वांस हा गृहस्थ जवळचा वाटावा असाच आहे. मात्र त्याच्या कार्याचे मोल करताना त्याच्या पाठीशी कोणती सत्ता उभी होती, याचा विसर पडता कामा नये.

त्याच्या वाट्यास साष्टी प्रांत आला. तेथील देवळे १५६७ साली पाडण्यात आली होती. जुने धर्मग्रंथ निषिद्ध ठरले होते. १५८३ साली कुंकळ्ळी येथे लोकक्षोभ उसळला व पाच जेझुइट मारले गेले. त्यांचे देह परत मिळविण्याचे काम स्टीफन्सनेच केले. पुढे त्या गावच्या पुढाऱ्यांस आसोळणे येथील किल्ल्यात बोलावून ठार करण्यात आले. अशा मुलखातील नवख्रिस्ती श्रोत्यांपुढे त्यास बोलावयाचे होते.

या श्रोत्यांस काय हवे होते? सिद्धान्तांची प्रश्नोत्तरे त्यांस शिकविली जातच होती. परंतु ज्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या पुराणश्रवणात गेल्या, त्यांचे मन पाठ केलेल्या उत्तरांनी कसे भरावे? स्टीफन्सने आपल्या ग्रंथाच्या आरंभीच एका ब्राह्मणाच्या तोंडी हे गाऱ्हाणे घातले आहे. पूर्वीची पुराणे तुम्ही वर्ज्य केली, तर त्यांच्या जागी दुसरे पुराण का देत नाही, असा त्याच्या म्हणण्याचा आशय आहे. उपदेशकाने श्रोत्याची तक्रार आपल्याच ग्रंथात नोंदवावी आणि साऱ्या ग्रंथाने तिला उत्तर द्यावे, ही गोष्ट आम्हांस विशेष वाटते.

ते उत्तर म्हणजे १६१६ साली रायतूर येथे छापलेले ‘ख्रिस्तपुराण’ होय. लिपी रोमन, परंतु छंद ओवीचा. पहिल्या पुराणात ३६ व दुसऱ्यात ५९ अवस्वरू. एकंदर ओव्या अकरा हजारांच्या घरात. भाषा मराठी, पण ऐकणाऱ्यास सुलभ जावे म्हणून तीत कोंकणी शब्द मिसळले आहेत. स्वर्गास त्याने वैकुंठ म्हटले. शिकवण त्याने बदलली नाही. ती कोणत्या चालीवर व कोणत्या शब्दांत कानी पडावी, एवढे मात्र श्रोत्यांकडून शिकून घेतले. साष्टीतील चर्चमधून हे पुराण वाचले जाऊ लागले.

येथे एक कडू सत्य सांगितलेच पाहिजे. ही भूक निसर्गाने उत्पन्न केलेली नव्हती. ज्या सत्तेच्या आश्रयाने स्टीफन्स उपदेश करीत होता, तिनेच लोकांचे ताट ओढून घेतले होते. त्याने नवे ताट वाढले. जुने का हिरावले, हा प्रश्न त्याने सत्तेस विचारला नाही. म्हणून त्याचा गौरव करावा तो याच मर्यादेत. पण त्या मर्यादेतही तो लहान ठरत नाही. भोवतालच्या जगात हुकुमाची भाषा चालली असता, लोकांच्या भाषेत बोलल्यावाचून त्यांच्या मनापर्यंत पोहोचता येत नाही, हे त्याने ओळखले.

सत्तेला ते उमगले नाही. १६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने फर्मान काढून लोकांनी तीन वर्षांत आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलावी असे ठरविले. फर्मानाने बोली मेली नाही. ख्रिस्तपुराणाच्या १६१६, १६४९ व १६५४ या तिन्ही छापील आवृत्त्यांची प्रत आज ज्ञात नाही. परंतु गोवा सोडून दक्षिणेकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांत त्याच्या हस्तलिखित नकला टिकल्या, आणि त्यांच्याच आधारे १९०७ साली जोसेफ साल्ढाणा यांनी मंगळूर येथे तो ग्रंथ पुन्हा छापला. छापखान्याने जे राखले नाही, ते ऐकणाऱ्यांनी राखले. उपदेश त्यांच्या गरजेस उतरला होता याचा याहून सबळ पुरावा आम्हांस दिसत नाही.