मोहफुलं वेचताना वाघ-अस्वल समोर आलं तर काय कराल?

मार्च-एप्रिलमध्ये चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया भागातली अनेक गावं पहाटेच जंगलाची वाट धरतात. आधी मोहफुलं, मग तेंदूपत्ता. या दोन हंगामांच्या पैशांवर कित्येक घरांची भिस्त असते. त्यामुळे 'जंगलात जाऊच नका' हा सल्ला इथे कामाचा नाही. पण याच दिवसांत वाघ आणि अस्वलांच्या हल्ल्यांच्या बातम्याही येतात. मग धोका कमी कसा करायचा?

हल्ले का होतात?

बऱ्याचदा माणूस आणि प्राणी अचानक अगदी जवळ येतात, म्हणून. मोहफुलं रात्री आणि पहाटे गळतात. ती वेचायला लोक अंधारातच निघतात. अस्वलालाही मोहफुलं आवडतात, त्यामुळे तेही त्याच झाडाखाली असू शकतं. खाण्यात गुंग असलेल्या अस्वलाला माणसाची चाहूल उशिरा लागते आणि दचकून ते अंगावर येतं.

वाघाच्या बाबतीत धोका वेगळा आहे. वाकून किंवा उकिडवं बसून काम करणारा माणूस त्याला चार पायांच्या भक्ष्यासारखा वाटू शकतो.

जंगलात जाताना

- एकट्याने जाऊ नका. गटातल्या एकाने उभं राहून चौफेर लक्ष ठेवावं.
- पूर्ण उजाडल्यावरच आत शिरा, अंधार पडण्याआधी परता.
- मोठ्याने बोलत, काठी आपटत चला. इयरफोन नकोत.
- चितळ, सांबर किंवा वानर सतत ओरडत असतील, तर पुढे जाऊ नका.
- ताजे ठसे किंवा अर्धवट खाल्लेली शिकार दिसली, तर लगेच मागे फिरा.

समोरासमोर आलात तर

*वाघ, बिबट्या:* पळू नका, वाकू नका, पाठ फिरवू नका. गटाने एकत्र उभे राहा आणि त्याच्याकडे तोंड ठेवून हळूहळू मागे सरका. सोबत पिल्लं असतील तर धोका वाढतो. व्हिडिओसाठी थांबू नका.

*अस्वल:* त्याने पाहिलं नसेल, तर आल्या वाटेने शांतपणे परता. पळून सुटका होत नाही. झाडावरही चढू नका, कारण अस्वल झाडावर सहज चढतं. ते अंगावर आलंच, तर पालथे पडा आणि दोन्ही हातांनी मान व डोकं झाका. अस्वलाच्या हल्ल्यात चेहऱ्याला आणि डोक्याला गंभीर जखमा होतात.

हल्ला झाल्यास

खूप रक्त येत असेल, तर आधी स्वच्छ कापडाने जखम दाबून धरा आणि तातडीने रुग्णालय गाठा. किरकोळ चावा किंवा ओरखडा असला, तरी तो साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा. रेबीजची लस लागेल का, हे डॉक्टरांना विचारा.

वनविभागाच्या १९२६ या टोल फ्री क्रमांकावर लगेच कळवा. पंचनामा झाल्याशिवाय भरपाईचं प्रकरण पुढे सरकत नाही. राज्य सरकारने २०२३ मध्ये मृत्यूसाठीची ही मदत २५ लाख रुपये केली आहे.