पट्ट्याला भेगा नव्हत्या, तरी गाडी थांबली

आज पिकाचं नाही, इंजिनाच्या पट्ट्याचं सांगतो. विहिरीवरच्या इंजिनापासून दारातल्या चारचाकीपर्यंत या पट्ट्यानं तीन-चार रूपं बदलली, आणि प्रत्येक रूपात त्याची झिजल्याची खूणही बदलली. आमची नजर मात्र जुन्या खुणांवरच राहिली. त्याचा त्रास आमच्या आण्णांना झाला.

गेल्या जानेवारीत आण्णांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन मिरजेला ठरलं होतं. पहाटे गाडी सुरू केली तशी बॉनेटखालून बारीक किंचाळी आली. आण्णांना धड दिसत नव्हतं, पण कान अजून शाबूत. म्हणाले, "पट्टा घसरतोय रे." मी बॅटरी मारून बघितलं. भेग नाही, धागा सुटलेला नाही. म्हटलं, "आण्णा, पट्टा चांगला आहे, थंडीनं ओरडतोय." दोन मिनिटांत आवाज बसला आणि आम्ही निघालो.

आण्णांना आवाजावरून कसं कळलं, तर त्यांची जवानी पट्ट्यासोबत गेली. विलायतेतल्या जुन्या कापड गिरण्यांत एक मोठं वाफेचं इंजिन असायचं. त्यावर छताजवळचा लांब दांडा फिरायचा, आणि त्या दांड्यावरून चामड्याचे सपाट पट्टे खाली एकेका मागावर उतरायचे. तीच रीत पुढं आपल्या शिवारात आली. आमच्या भागातली किर्लोस्करवाडी १९१० साली वसली, लोखंडी नांगर आणि पंप तिथं तयार होऊ लागले. १९४६ साली पुण्यात किर्लोस्करांचा ऑईल इंजिनांचा कारखाना निघाला. मग शिवारात इंजिनाची टुकटुक वाढली. इंजिन एक, पट्टा एक, कामं अनेक. सकाळी पंप, दुपारी कडबा कुट्टी, हंगामात गुऱ्हाळाचा चरक.

सपाट पट्टा पुलीवर टिकायचा कसा? पुली मधोमध किंचित फुगीर असते, आणि फिरता पट्टा आपोआप उंच भागाकडं सरकतो. उलट फेरा पाहिजे असला की पट्ट्याला आढी मारायची. घसरायला लागला की आण्णा त्यावर राळ टाकायचे. झिजला की कडा उसवायच्या, जोडाचे चिमटे सुटायचे. सगळं डोळ्यांना दिसायचं आणि कानाला ऐकू यायचं. धोतराचा सोगा किंवा सदऱ्याची बाही त्यात गेली की माणूसच ओढला जायचा, म्हणून पोरांना जवळ फिरकू देत नसत.

मोटारीला हा सपाट पट्टा गैरसोयीचा. चामडं भिजलं की ताणतं आणि घसरतं. १९१७ साली अमेरिकेत डेन्व्हरच्या जॉन गेट्स यांनी रबर आणि सूत यांचा, खाली निमुळता होत जाणारा पट्टा केला. तोच आपला व्ही-बेल्ट. युक्ती पाचरीची आहे. लाकडाच्या फटीत पाचर जशी आवळते, तसा हा पट्टा ओढ पडली की पुलीच्या खाचेत आणखी घट्ट बसतो. म्हणजे काम त्याच्या दोन्ही बाजू करतात, तळ करत नाही. मळणी यंत्रावर बघा. बाजू आरशासारख्या चकचकीत झाल्या, किंवा पट्टा खोल जाऊन खाचेच्या तळाला टेकायला लागला, की तो संपला. मग कितीही ताणा, तो घसरणारच.

पुढं गाडीच्या इंजिनावर कामं वाढली. पंखा, पाण्याचा पंप आणि डायनामो होताच, त्यात पॉवर स्टिअरिंग आलं, एसी आला. एकामागं एक तीन-चार व्ही-बेल्ट लागायला लागले. १९७९ च्या फोर्ड मस्टँगवर या सगळ्यांच्या जागी एकच लांब, चपटा, आतून उभ्या धारांचा पट्टा आला. सापासारखा सगळ्या पुल्यांतून वळत जातो. जागा वाचली, ताण द्यायला स्प्रिंगचा टेन्शनर आला. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. पूर्वी एक पट्टा तुटला तर एक काम बंद पडायचं. आता पट्टा गेला की त्याच्यावरची सगळी कामं एकदम बंद.

आणि शेवटचा बदल सगळ्यात फसवा. आधीचे पट्टे निओप्रीन रबराचे होते. ते उन्हाळ्यातल्या काळ्या रानासारखे भेगाळायचे, भेगा दिसल्या की बदलायचे. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून ईपीडीएम नावाचं रबर आलं. ते उष्णतेला टिकतं आणि सहसा भेगाळत नाही. ते टायरसारखं झिजतं. धारा बारीक होतात, मधल्या खाचा रुंद होतात, आणि पट्टा पुलीच्या धारांवर टेकून घसरतो. वरून बघाल तर नवाकोरा. मी तेवढंच बघितलं होतं.

अर्ध्या वाटेत बॅटरीचा लाल दिवा लागला आणि स्टिअरिंग दगडासारखं जड झालं. पट्टा निसटून पडला होता. मी म्हटलं, दवाखाना जवळच आहे, रेटू थोडं. आमच्या गाडीत पाण्याचा पंपही त्याच पट्ट्यावर. काटा तांबड्यात गेला तरी दोन किलोमीटर रेटली. हेड गॅस्केट गेलं. आण्णांची तारीख हुकली, पुढची तीन आठवड्यांनी मिळाली. तेवढे दिवस त्यांना जेवणाच्या ताटात काय आहे ते सांगून वाढायला लागायचं.

मेकॅनिकनं जुना आणि नवा पट्टा शेजारी धरले तेव्हा कळलं. जुन्याच्या धारा निम्म्याच उरल्या होत्या. म्हणून आता मी काय करतो ते सांगतो.

इंजिन बंद आणि थंड पाहिजे, किल्ली खिशात. पट्टा थोडा पिळून आतली बाजू बघायची. भेगा, तुटलेली धार, उसवलेली कड, तेलाचा ओशटपणा यांतलं काही दिसलं तर बदलायचा. काही दिसलं नाही तरी खाचेत नख घालून नव्या पट्ट्याशी ताडायचं. थंडीत सकाळी, किंवा एसी आणि हेडलाईट लावल्यावर किंचाळला, तर कानावर विश्वास ठेवायचा.

बदलताना आधी बॅटरीची ऋण वायर काढायची. पट्टा कुठून कसा जातो त्याचा मोबाईलवर फोटो घ्यायचा. पान्यानं टेन्शनर ढिला करून पट्टा काढायचा. मग प्रत्येक पुली हातानं फिरवायची. खरखर लागली किंवा डुलली तर बेअरिंग गेलंय, नुसता पट्टा घालून उपयोग नाही. टेन्शनर ढिला पडला असेल तर तोही बदलायचा. पट्ट्यावरचा नंबर दुकानदाराला दाखवायचा. ६पीके१७५० असेल तर सहा धारा आणि १७५० मिलिमीटर लांबी. बसवल्यावर सगळ्या धारा पुल्यांच्या खाचांत बसल्यात का, हे बोट फिरवून बघायचं आणि मगच वायर जोडून स्टार्टर मारायचा. राळ, साबण, ग्रीस असलं काही या पट्ट्याला लावू नका. आणि कव्हरच्या आतला टायमिंग बेल्ट वेगळा, त्याला हात न लावता मेकॅनिककडं जा.

आता बॉनेटच्या आतल्या बाजूला पट्टा बदलल्याची तारीख आणि किलोमीटर खडूनं नाही, पेंटनं लिहिलेत. आण्णांना ते चष्म्याशिवाय वाचता येतात. तरी गाडी सुरू करताना ते आधी ऐकतात, आणि हल्ली मीही गप्प बसून ऐकतो.

तुमच्याकडं इंजिनाच्या सपाट पट्ट्यावर काम केलेलं कुणी जुनं माणूस असेल तर त्यांना विचारून लिहा. त्यांच्या पट्ट्याची खूण काय होती?