नौसैनिक स्नेहमेळावा

नौसैनिक स्नेहमेळावा : नौदलातून निवृत्त झालेले नाविक, अधिकारी व त्यांची कुटुंबे यांचा ठरावीक निमित्ताने भरणारा मेळा. जेवण, सहल, हुतात्म्यांना वंदन, नातवंडांना जहाज दाखवणे आणि निवृत्तिवेतनाच्या कागदांची चौकशी, हे सगळे यात येते. भूदलातला माणूस बहुधा एका रेजिमेंटचा असतो. मराठा लाइट इन्फंट्रीचा निवृत्त जवान म्हातारपणीही बेळगावला जाऊन आपले केंद्र पाहून येतो. नाविकाची ओळख जहाजावरून, आणि जहाज तीस-पस्तीस वर्षांत मोडीत निघते. मग उरतात ती त्यावरची माणसे. मेळाव्यात ‘तू कुठला?’ असे विचारले की ‘मैसूरचा’, ‘गोदावरीचा’ अशी उत्तरे येतात आणि शेजारी बसलेल्या पाहुण्याला वाटते, हे गृहस्थ कर्नाटकातले दिसतात.

मेळाव्यांचा हंगाम डिसेंबर. 4 डिसेंबर हा नौदल दिन. 1971 च्या युद्धात त्या रात्री ‘निपात’, ‘निर्घात’ व ‘वीर’ या क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर हल्ला करून पाकिस्तानची ‘खैबर’ विनाशिका आणि ‘मुहाफिज’ ही सुरुंगशोधक नौका बुडवली. पाचच दिवसांनी, 9 डिसेंबरला, दीवजवळ भारताची ‘खुकरी’ ही युद्धनौका बुडाली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह 18 अधिकारी आणि 176 नाविक गेले. विजय आणि शोक एकाच आठवड्यात येत असल्याने या दिवसांतल्या मेळाव्याचा सूर निव्वळ जल्लोषाचा राहत नाही. आधी पुष्पचक्र, दोन मिनिटांची शांतता, मगच ताट. 7 डिसेंबरचा सशस्त्र सेना ध्वजदिन (1949 पासून), 16 डिसेंबरचा विजय दिवस आणि 14 जानेवारीचा माजी सैनिक दिन हेही याच थंडीतले. शेवटचा दिवस जनरल करिअप्पा 1953 मध्ये निवृत्त झाले त्या तारखेचा. घरी मात्र तो संक्रांतीचा, त्यामुळे भाषणांपेक्षा तिळगूळच जास्त लक्षात राहतो.

मेळाव्याचा गाभा बडा खाना. नोकरीत असताना अधिकारी आणि नाविक एका पंगतीला बसतात असे प्रसंग मोजकेच; त्यांतला हा एक. निवृत्तीनंतर हुद्द्याची भिंत बरीच खाली येते, पण पुरती पडत नाही. साठी उलटलेला पेटी ऑफिसर आपल्या जुन्या चीफला ‘चीफ’ म्हणूनच हाक मारतो आणि उठून खुर्ची देतो. जेवणाआधी तंबोला. आकडे पुकारणारा तरबेज लागतो: ‘दोन बदके’ म्हटले की बावीस, हे बायकामुलांनाही पाठ असते. सहकुटुंब कार्यक्रमात रम बहुधा टेबलावर येत नाही, गप्पांत मात्र हटकून येते. छातीवर पदके असतात. स्वतःची डावीकडे, दिवंगत पतीची वा मुलाची लावलेली उजवीकडे. उजवीकडची पदके दिसली की लोक आवाज खाली आणतात.

सगळ्यांत हृद्य प्रकार म्हणजे जहाजाच्या सेवासमाप्तीला जमलेला जुना ताफा. समारंभ सूर्यास्ताचा. डोलकाठीवर लांबच लांब निरोपाची पताका असते; जहाजाने जितकी जास्त वर्षे काढली तितकी ती लांब, असा संकेत आहे. सूर्य टेकतो तसे निशाण आणि पताका सावकाश खाली येतात आणि कधीकाळी त्याच डेकवर फरशी घासलेली माणसे पांढऱ्या केसांनी धक्क्यावर सावधान उभी राहतात. ‘विक्रांत’चा हा दिवस 31 जानेवारी 1997 ला आला, ‘विराट’चा 6 मार्च 2017 ला. ‘विक्रांत’ पुढे काही वर्षे मुंबईत संग्रहालय होती, म्हणून तिच्या माणसांना भेटायला निदान जागा होती. 2014 नंतर तीही तोडली गेली. तिच्या धातूचे एक शिल्प 2016 मध्ये नौदल गोदीच्या लायन गेटजवळ उभे राहिले. त्याच वर्षी तिच्या पोलादाचा काही अंश वापरून एक मोटारसायकलही बाजारात आली. आपल्या जुन्या जहाजावर टांग टाकून भाजी आणायला जाण्याची ही संधी काही माजी नौसैनिकांनी खरोखर घेतली असेल, तर नवल नाही.

सहलींची ठिकाणे ठरलेली आहेत. अलिबागला कान्होजी आंग्रे यांची समाधी (मृत्यू 1729) आणि समोर कुलाबा किल्ला. ओहोटीची वेळ पाहून निघायचे, हे या मंडळींना सांगावे लागत नाही. मालवणला सिंधुदुर्ग; 2023 चा नौदल दिनाचा मुख्य सोहळा तारकर्लीच्या किनाऱ्यावर झाला, तेव्हापासून तिकडचा ओघ वाढला. गोव्यात बोगमाळोचे नौदल हवाई संग्रहालय (1998), कारवारला किनाऱ्यावर ठेवलेली ‘चपळ’ ही क्षेपणास्त्र नौका, लांबची हौस असेल तर दीवचे ‘खुकरी’ स्मारक आणि विशाखापट्टणमची ‘कुरसुरा’ पाणबुडी. मुंबईत कुलाब्याला 1946 च्या नाविक उठावाचे स्मारक आहे. 18 फेब्रुवारीला ‘तलवार’ या प्रशिक्षण तळावर निकृष्ट जेवणावरून ठिणगी पडली, हा तपशील नाविकांना फार पटतो.

एकाच सतरंजीवर बसलेल्यांनी वेगवेगळ्या निशाणांखाली नोकरी केलेली असते. 1950 पासून सेंट जॉर्जचा तांबडा क्रूस, 2001 मध्ये तो काढला, 2004 मध्ये परत आणला आणि 2 सप्टेंबर 2022 ला शिवछत्रपतींच्या राजमुद्रेवरून स्फुरलेली अष्टकोनी चौकट आली. मेळाव्याच्या फलकावर कोणते निशाण छापायचे यावर चर्चा रंगते, आणि शेवटी नवेच छापले जाते.

संघटनेच्या बाजूने पाहिले तर ब्रिटनमध्ये हे काम बांधीव आहे. तिथल्या रॉयल नेव्हल असोसिएशनला 1954 मध्ये राजसनद मिळाली, गावोगाव शाखा आहेत आणि सभासद एकमेकांना ‘शिपमेट’ म्हणतात. आपल्याकडे निवृत्त अधिकाऱ्यांसाठी नेव्ही फाउंडेशन असून मुंबई व पुणे येथे तिचे विभाग आहेत. नाविकांचा धागा मुंबईत मानखुर्दच्या नाविक कार्यालयाशी, निवृत्तिवेतनापुरता. एरवी तुकडी, जहाज किंवा जिल्हा यांवरून मंडळी आपापली जमतात. नौदल भूदलाच्या दहाव्या हिश्शाहूनही लहान, म्हणून जिल्ह्यातल्या माजी सैनिक संघटनेत नाविक नेहमीच मूठभर.

किनाऱ्यापासून दूर हे फार जाणवते. बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यातले तलवाडा हे त्वरितादेवीचे गाव; इथून समुद्र सरळ रेषेतही तीनशेच्या आसपास किलोमीटर. नौदल दिन येतो तो नेमका ऊसतोडीच्या हंगामात, जेव्हा जिल्ह्यातली कितीतरी घरे कुलूपबंद असतात. अशा गावी नौसैनिकांची वेगळी शाखा चालवायला माणसेच पुरत नाहीत. सोय जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आणि सर्व दलांच्या एकत्र मेळाव्याचीच. तरी या भागाचे नौदलाशी एक नाते आहे. तालुक्याच्या उत्तर अंगाने वाहणाऱ्या नदीचे नाव घेतलेली ‘गोदावरी’ ही भारतातच आखलेली फ्रिगेट माझगाव गोदीत बांधली गेली, 10 डिसेंबर 1983 ला सेवेत आली, 1988 मध्ये मालदीवच्या बंडखोरांनी ओलिसांसह पळवलेले जहाज तिने ‘बेतवा’च्या साथीने गाठले आणि 23 डिसेंबर 2015 ला मुंबईत तिचे निशाण उतरले.

अशा गावात प्रजासत्ताक दिनाच्या ध्वजवंदनाला माजी सैनिकांची रांग उभी राहते. तीत नाविक असलाच तर तो सलामीवरून ओळखू येतो. भूदलवाल्यांचा तळहात समोर दिसतो. नाविकाचा जमिनीकडे वळलेला. डांबर-ग्रीसने माखलेला हात अधिकाऱ्याला दिसू नये म्हणून ही रीत पडली असे सांगतात.