प्रस्तावना : विसरलेले पास, लक्षात राहिलेला ट्राय

वेल्समधल्या एखाद्या पबमध्ये साठी उलटलेल्या गृहस्थाशेजारी बसावं आणि गॅरेथ एडवर्ड्सचं नाव काढावं. पुढची दहा मिनिटं आपल्याला काही बोलावं लागत नाही. २७ जानेवारी १९७३, कार्डिफ आर्म्स पार्क, बार्बेरियन्स विरुद्ध न्यूझीलंड. सामना नुकता सुरू झालाय. ब्रायन विल्यम्सने उंच मारलेला चेंडू फिल बेनेट आपल्याच गोलरेषेजवळ गोळा करतो आणि अंगावर धावून आलेल्यांना एकामागून एक हुलकावणी देतो. जे. पी. आर. विल्यम्सच्या गळ्याला विळखा पडतो, तरी चेंडू पुढे सरकतो. मग पुलिन, डॉझ, टॉम डेव्हिड, क्विनेल, आणि अचानक डावीकडून सुसाट आलेला एडवर्ड्स. कोपऱ्यात सूर, चेंडू गोलरेषेपलीकडे जमिनीला टेकतो: ट्राय. गृहस्थ ग्लास खाली ठेवतात. त्यांचा आवाज आता थोडा बदललेला असतो.

या पानांचा विषय तो बदललेला आवाज आहे. निवृत्तीला साडेचार दशकांहून अधिक काळ लोटलेल्या खेळाडूवर लोक इतका जीव का लावतात, त्याचं नेमकं काय जपून ठेवतात आणि काय सांडू देतात, हा क्रीडा-इतिहासाच्या एका धाकट्या शाखेचा प्रश्न आहे. रग्बीचा एकही सामना न पाहिलेल्या वाचकालाही या शाखेत मज्जाव नाही. खरं तर त्याची सोयच आहे, कारण त्याला आधी भक्तीतून बाहेर पडायचे कष्ट नाहीत.

त्या ट्रायपासूनच सुरुवात करू, कारण त्यात दोन गोष्टी खटकतात. पहिली ही, की तो कोणत्याही राष्ट्रीय नोंदवहीत नाही. बार्बेरियन्स हा देशाचा संघ नव्हे, निमंत्रितांचा. वेगवेगळ्या क्लबांचे आणि देशांचे खेळाडू एखाद्या सामन्यापुरते एकत्र येतात, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची जर्सी घालतात आणि मोजे मात्र आपापल्या क्लबचे चढवतात. एडवर्ड्सच्या नावावर वेल्ससाठी २० ट्राय आहेत. त्यांत हा मोजलेला नाही.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. एडवर्ड्स स्क्रम-हाफ होता. स्क्रममध्ये दोन्ही बाजूंचे आठ-आठ भक्कम गडी एकमेकांना भिडून रेटतात. त्या ढिगातून बाहेर आलेला चेंडू उचलायचा आणि मागे थांबलेल्या धावणाऱ्यांकडे पोचवायचा, हे नऊ नंबरचं काम. मराठी वाचकाने यष्टिरक्षक डोळ्यांसमोर आणावा. जवळजवळ प्रत्येक चेंडूशी त्याचा संबंध येतो आणि तो सुटला तरच लोकांचं त्याच्याकडे लक्ष जातं. आता १९७३चा ट्राय पुन्हा पाहा. त्यात एडवर्ड्सने चेंडू कुणाला दिलेलाच नाही. चेंडू आपल्या डोक्यावरून मागे गेला म्हणून तो आधी स्वतःच्या गोलकडे धावत होता. मग खेळाची दिशा उलटली तसा वळला, चेंडू घेतला आणि पळाला. हे काम मैदानाच्या कडेने धावणाऱ्या विंगरचं. रग्बीतला सर्वश्रेष्ठ स्क्रम-हाफ ज्या क्षणासाठी ओळखला जातो, त्या क्षणी तो स्क्रम-हाफ नव्हताच.

या अभ्यासात शिरताना एवढं कोडं बरोबर घेतलं तरी पुरे. बाकी सगळं त्याच्याभोवतीच फिरतं.

तर तो काय करत होता? सुरुवातीच्या काळात एडवर्ड्सचा पास ही त्याची कच्ची बाजू मानली जाई, हे आज सांगितलं तर चाहते रागावतात. जुन्या पद्धतीचा स्क्रम-हाफ चेंडूबरोबर स्वतःलाही हवेत झोकून देई. चेंडू जाई, पण फेकणारा जमिनीवर आडवा आणि पुढच्या डावपेचातून बाद. एडवर्ड्सने फिरता पास घोटला. न्यूझीलंडचा ख्रिस लेडलॉ त्याच्याआधी या पाससाठी नावाजलेला होता. रग्बीचा चेंडू लांबट असतो. त्याला त्याच्याच लांब अक्षाभोवती गिरकी दिली की तो हवेत डगमगत नाही, सरळ आणि लांब जातो. ही लांबी म्हणजे तो पास झेलणाऱ्या फ्लाय-हाफला मिळालेली सवड. तो स्क्रमपासून आणखी चार पावलं दूर उभा राहू शकतो आणि त्याला पकडायला सुटलेल्या प्रतिस्पर्ध्याला तेवढं अधिक अंतर कापावं लागतं. वेल्सचा फ्लाय-हाफ बॅरी जॉन मैदानात तरंगल्यासारखा वावरत असे, असं सगळेच सांगतात. ते तरंगणं एडवर्ड्सच्या मनगटांनी दिलेल्या त्या अर्ध्या सेकंदावर उभं होतं. ही दुसरी बाब फार थोडे सांगतात.

बॅरी जॉनचा उल्लेख आलाच आहे, तर चाहत्यांच्या प्रेमाची दुसरी टोकाची बाजूही पाहून घ्यावी. लायन्स म्हणजे ब्रिटन-आयर्लंडमधल्या चार देशांचा निवडक संघ; त्याच्या १९७१च्या दौऱ्यानंतर बॅरी जॉनला लोक 'किंग' म्हणू लागले. एका बँकेच्या समारंभात एका तरुणीने त्याच्यासमोर राजापुढे वाकावं तसा गुडघा वाकवला. त्या प्रसंगाने तो हबकला, असं त्याने पुढे अनेकदा सांगितलं. १९७२मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, त्याने खेळ सोडला. एडवर्ड्सला मात्र हे ओझं पेललं. कसं, याचं नेमकं उत्तर मला सापडलेलं नाही, पण तो मासेमारीचा वेडा होता एवढं नोंदवतो. १९९०मध्ये वेल्समधल्या लॅनडेगफेड जलाशयात त्याने ४५ पौंडांहून अधिक वजनाचा पाइक मासा पकडला आणि तो तेव्हाचा ब्रिटिश विक्रम ठरला. ज्याला तासन्‌तास पाण्याकडे बघत बसता येतं, त्याला गर्दीचा त्रास कमी होत असावा.

आता आकड्यांकडे. १ एप्रिल १९६७ रोजी पॅरिसमध्ये पहिला सामना, १८ मार्च १९७८ रोजी कार्डिफमध्ये शेवटचा, दोन्ही फ्रान्सविरुद्ध. मधल्या अकरा वर्षांत वेल्ससाठी ५३ सामने, सलग. संघातून एकदाही वगळणं नाही, दुखापतीमुळे एकदाही बाहेर बसणं नाही. विसाव्या वर्षी कर्णधारपद. लायन्ससाठी आणखी १० कसोटी. माझ्या मते थोरवी या ५३मध्ये आहे, पण सलगपणाचं गाणं होत नाही. १९७२मध्ये स्कॉटलंडविरुद्ध आपल्याच अर्ध्या मैदानातून सुटून, चेंडू पुढे मारत, त्याच्यामागे घसरत जाऊन केलेल्या ट्रायचं गाणं होतं. त्यानंतर लाल चिखलाने माखलेला त्याचा चेहरा चाहत्यांच्या मनात देव्हाऱ्यातल्या तसबिरीसारखा बसलेला आहे.

त्या सलग ५३ सामन्यांची एक किंमत होती आणि ती ब्रिनमोर विल्यम्स नावाच्या माणसाने मोजली. तो एडवर्ड्सच्याच कार्डिफ क्लबात त्याचा राखीव होता. वेल्सच्या बाकावरही तो बसे. तेव्हाच्या नियमाने बदली खेळाडू फक्त दुखापतीसाठी मैदानात उतरे आणि ब्रिनमोर बाकावर असताना तशी वेळ आली नाही. १९७७च्या लायन्स दौऱ्याला एडवर्ड्सने नकार दिला, तेव्हा ब्रिनमोर न्यूझीलंडला गेला आणि तिथे तीन कसोटी खेळला. म्हणजे चार देशांच्या निवडक संघात त्याला जागा मिळाली, स्वतःच्या देशाच्या संघात अजून नव्हती. वेल्सची जर्सी त्याला एडवर्ड्स निवृत्त झाल्यावर मिळाली, तीही तीनच सामन्यांसाठी. वीरपूजेचा अभ्यास करणाऱ्याने एक डोळा नेहमी बाकावर ठेवावा, असं मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगतो.

मग लोकांनी ५३ सोडून तो एकच ट्राय का उचलला? फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मोरिस हाल्बवाक्स यांचा विचार इथे उपयोगी पडतो. माणूस एकट्याने आठवत नाही, गटाच्या गरजेप्रमाणे आठवतो. १९७३च्या वेल्सची गरज काय होती, ते पाहू. वेल्सने न्यूझीलंडला १९५३मध्ये हरवलं होतं. त्यानंतर आजतागायत नाही. एडवर्ड्सनेही वेल्सच्या लाल जर्सीत न्यूझीलंडवर एकही विजय पाहिला नाही. डिसेंबर १९७२मध्ये वेल्स त्यांच्याकडून १६-१९ असा हरला आणि दोनच महिन्यांच्या आत बार्बेरियन्सने त्याच कार्डिफमध्ये, त्याच पाहुण्यांना २३-११ असं हरवलं. आता त्या चढाईत चेंडू कुणाकुणाच्या हातून गेला ते मोजा. सात जण. इंग्लंडचा पुलिन वगळता सहाही वेल्श. सामन्याआधी संघाशी बोलायला बोलावलेले कार्विन जेम्स वेल्श, दूरचित्रवाणीवर समालोचनाला आजारी बिल मॅकलॅरनच्या जागी ऐनवेळी बसलेला क्लिफ मॉर्गनही वेल्श, स्वतः जुना फ्लाय-हाफ. जर्सी निमंत्रितांची असली तरी वेल्सने हा विजय आपल्या खात्यावर जमा केला, आणि नोंदवही काय म्हणते याची पर्वा केली नाही.

या जमाखात्याला पुढे व्याज चढलं ते दुःखाच्या दिवसांत. एडवर्ड्स ग्वाइन-काय-गुर्वेन या वेल्शभाषी खाणगावातला, खाणकामगाराचा मुलगा. १९८४-८५चा खाणकामगारांचा संप फसला, खाणी बंद पडत गेल्या. १९८८मध्ये वेल्सचा संघ न्यूझीलंडला गेला आणि ३-५२ व ९-५४ असा मार खाऊन परतला. सत्तरच्या दशकाला सोन्याचा मुलामा बराचसा या काळात चढला आहे. वर्तमान जितकं भकास, तितका तो ट्राय लखलखीत. आपल्याकडे १९७१च्या वाडेकरांच्या संघाविषयी वडीलधारे बोलायला लागले की घरात जे होतं, त्याची इथे आठवण झाली तर हरकत नाही. त्याच वर्षी लायन्सनेही न्यूझीलंडमध्ये मालिका जिंकली होती, आजवरची एकमेव. तरी फरक विसरू नये. आपल्या क्रिकेटला पुढे १९८३ मिळालं, वेल्सला दीर्घ काळ तसं काही मिळालं नाही.

प्रेमाला जे सोयीचं नसतं तेही अभ्यासकाने वहीत उतरवायचं असतं. १९७४चा लायन्स दौरा आकड्यांत निष्कलंक दिसतो: २२ सामने, २१ विजय, एक बरोबरी. पण तो वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेचा दौरा होता आणि ब्रिटिश सरकारचा त्याला विरोध होता. वेल्सचाच फ्लँकर जॉन टेलर तत्त्वासाठी गेला नाही. एडवर्ड्स गेला. चाहत्यांच्या गप्पांमध्ये या दौऱ्यातल्या मारामाऱ्या रंगवून सांगितल्या जातात, टेलरची रिकामी जागा क्वचितच येते. मी एडवर्ड्सला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करत नाही, पण ही गाळणी कोण लावतं आणि कशी, हे पाहणं आपल्या शाखेचं खरं काम आहे.

संस्थेचं प्रेम आणि लोकांचं प्रेम या दोन वेगळ्या गोष्टी, हेही याच चरित्रात दिसतं. निवृत्तीनंतर एडवर्ड्सने आत्मचरित्र काढलं आणि त्याचं मानधन घेतलं. हौशी खेळाच्या नियमांनुसार तो 'व्यावसायिक' ठरला आणि रग्बीच्या कामकाजाचे दरवाजे त्याला बंद झाले. पुस्तक विकत घेणारे चाहते आणि ते लिहिल्याबद्दल बाहेर काढणारे नियम, एकाच खेळातले. कार्डिफच्या सेंट डेव्हिड्स सेंटर या बाजारसंकुलात त्याचा पुतळा मात्र उभा राहिला. १९९५मध्ये रग्बीने हौशीपणाची अट टाकून दिली. २००३मध्ये 'रग्बी वर्ल्ड' मासिकाने आंतरराष्ट्रीय खेळाडूंचा कौल घेतला, त्यात एडवर्ड्स सार्वकालिक श्रेष्ठ ठरला. 'सर' ही पदवी २०१५मध्ये मिळाली. त्याच वर्षी ट्विकनहॅमवर, विश्वचषकात, वेल्सने इंग्लंडला २८-२५ असं हरवलं. दुखापतींमुळे विंगवर उभ्या केलेल्या एका स्क्रम-हाफने डाव्या पायाने चेंडू आत मारला आणि दुसऱ्या स्क्रम-हाफने, गॅरेथ डेव्हिसने, तो उचलून ट्राय केला. चेंडू मारणारा लॉइड विल्यम्स होता, ब्रिनमोरचा मुलगा.

हे सगळं मराठीत कशासाठी, असं कुणी विचारील. रग्बी आपल्याला वाटतं तितकी परकी नाही. इंग्लंड आणि स्कॉटलंड ज्या कलकत्ता कपासाठी झुंजतात, तो १८७८मध्ये विसर्जित होणाऱ्या कलकत्त्याच्या क्लबाने आपले चांदीचे रुपये वितळवून घडवला. मुंबईत बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर हा खेळ पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. अभिनेता राहुल बोस भारतासाठी खेळला, तोही स्क्रम-हाफच्या जागेवर. पण खरं कारण हे नाही. खेळाडूंवर प्रेम कसं करावं हे आपल्याला शिकवावं लागत नाही. त्या प्रेमाकडे अभ्यासाचा विषय म्हणून पाहणारं लेखन मात्र मराठीत फार थोडं आहे.

घाईही थोडी आहे. फिल बेनेट २०२२मध्ये गेला. जे. पी. आर. विल्यम्स आणि बॅरी जॉन २०२४च्या जानेवारी-फेब्रुवारीत, महिन्याभराच्या अंतराने. मैदानात बसून पाहिलेले कमी होत चाललेत आणि फक्त चित्रफीत पाहिलेले वाढताहेत. चित्रफितीतला ट्राय जेमतेम अर्ध्या मिनिटाचा आहे आणि बहुतेक जण तो संपला की बंद करतात. या विषयात नव्याने येणाऱ्याला माझं पहिलं काम एवढंच: संपूर्ण सामना मिळवा, ट्राय होऊ द्या, आणि मग पुढची पंचाहत्तर मिनिटं फक्त नऊ नंबरकडे पाहत बसा. प्रत्येक पासाची वहीत एक रेघ मारा.